सेप्टिक टँक तपासणी व नियोजित मैला उपसा (महाराष्ट्र)

सेप्टिक टँक तपासणी व नियोजित मैला उपसा ही भुयारी गटार नसलेल्या गावांत व शहरांत राबवली जाणारी सार्वजनिक आरोग्य व्यवस्था आहे. या व्यवस्थेत स्थानिक स्वराज्य संस्था आपल्या हद्दीतील प्रत्येक शौचालयाच्या टाकीची नोंद ठेवते, ठरावीक कालावधीने तिची तपासणी करते, टाकीतील गाळ यंत्राने उपसते आणि तो प्रक्रिया केंद्रात पोहोचवते. टाकी तुंबल्यावर मालकाने गाडी बोलावणे, या प्रचलित पद्धतीपेक्षा ही पद्धत वेगळी आहे. भूजलाचे व नदीनाल्यांचे संरक्षण हा तिचा मुख्य उद्देश आहे. सफाई कामगारांना टाकीत उतरावे लागू नये, हा दुसरा तितकाच महत्त्वाचा उद्देश आहे.

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी ही व्यवस्था प्रथम उभी केली. नियोजित उपसा सुरू करणाऱ्या भारतातील पहिल्या शहरांत त्यांची गणना होते. स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात हा विषय ग्रामपंचायतींच्या कार्यकक्षेत आला. त्यामुळे बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या विहिरी व कूपनलिका असलेल्या गावांनाही तो लागू होतो.

संज्ञा

शासकीय लेखनात या विषयाला 'मैला गाळ व्यवस्थापन' असे म्हणतात. बोलीभाषेत 'सेप्टिक टँक' हाच शब्द रूढ असून 'मैलाटाकी', 'संडासची टाकी' व 'हौद' हे शब्दही वापरले जातात. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी केलेल्या खड्ड्याला 'शोषखड्डा' म्हणतात. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा या दोन भिन्न गोष्टी असल्या, तरी पुष्कळ ठिकाणी एकच खड्डा दोन्ही कामे करतो आणि त्यालाच सेप्टिक टँक म्हटले जाते. तपासणीत निघणाऱ्या दोषांपैकी बऱ्याच दोषांचे मूळ या गोंधळात असते.

इतिहास

मैला बंद टाकीत साठवून कुजवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये पुढे आली. 'सेप्टिक टँक' हे नाव इंग्लंडमधील एक्झेटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमेरून यांनी १८९५च्या सुमारास रूढ केले. मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोगी आश्रमात १८९७मध्ये अशा टाकीला वायू गोळा करण्याची सोय जोडण्यात आली होती. मैल्यापासून मिळणाऱ्या वायूच्या वापराचे ते जगातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानले जाते.

ग्रामीण महाराष्ट्रात शौचालयाचा प्रश्न प्रदीर्घ काळ डोक्यावरून मैला वाहण्याच्या अमानुष प्रथेशी जोडलेला होता. सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करण्यासाठी तत्कालीन मुंबई राज्याने १९४९मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून मैल्याचे खत करणाऱ्या शौचालयांचा प्रसार केला. पुढे २०००-०१मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानास आरंभ झाल्यावर घरोघरी शौचालये बांधण्याचा वेग वाढला. त्यानंतर राज्याचा शहरी भाग २०१७मध्ये व ग्रामीण भाग २०१८मध्ये हागणदारीमुक्त घोषित करण्यात आला.

शौचालये झाली तरी त्यांखालील टाक्या कोणी, केव्हा व कुठे रिकाम्या करायच्या, हा प्रश्न मागे उरला. केंद्र शासनाने २०१७मध्ये मैला गाळ व सेप्टेज व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, तेव्हापासून त्याला स्वतंत्र विषयाचे रूप आले.

रचना व कार्य

भारतीय मानक आयएस २४७० यात सेप्टिक टँकच्या रचनेचे निकष दिले आहेत. त्यानुसार टाकी जलाभेद्य असावी लागते, म्हणजे तिच्या तळाला व भिंतींना पक्के बांधकाम व गिलावा आवश्यक असतो. तिची द्रवधारण क्षमता किमान १,००० लिटर, रुंदी किमान ७५ सेंटिमीटर आणि पाण्याची खोली किमान १ मीटर असावी. लांबी रुंदीच्या दोन ते चार पट असावी. पाच माणसांच्या कुटुंबासाठी सुमारे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद व एक मीटर खोल पाणी राहील एवढी टाकी पुरेशी ठरते. वायू बाहेर जाण्यासाठी उंच नळी आणि उपशासाठी सहज उघडता येणारे झाकण हेही तिचे आवश्यक भाग होत.

टाकीत आलेला मैला तीन थरांत विभागतो. जड भाग तळाशी गाळ म्हणून बसतो, तेलकट व हलका भाग साय म्हणून वर तरंगतो आणि मधल्या थरातील पाणी दुसऱ्या बाजूच्या नळीतून बाहेर पडते. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग कुजवतात, परंतु सर्व गाळ नाहीसा होत नाही. तो साठत गेला की मधल्या थराची जागा कमी होते, पाणी टाकीत पुरेसा वेळ थांबत नाही आणि गाळच बाहेर वाहू लागतो. म्हणून गाळ व साय मिळून टाकीचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापण्यापूर्वी उपसा करावा, असा सर्वसाधारण नियम आहे. केंद्रीय मार्गदर्शक पुस्तिकेत यासाठी दोन ते तीन वर्षांचा कालावधी सुचवला आहे. उपसा करताना थोडा गाळ तळाशी राहू दिल्यास कुजण्याची क्रिया लवकर पूर्ववत होते.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसते. त्यातील घन पदार्थ कमी झालेले असले तरी रोगजंतू, कृमींची अंडी व नत्रसंयुगे राहतात. त्यामुळे ते शोषखड्ड्यात सोडणे अपेक्षित असते. उघड्या गटारात किंवा ओढ्यात सोडल्यास टाकी बांधण्याचा हेतूच निष्फळ ठरतो.

भूजलाशी संबंध

मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी वाळूसारखे सर्वत्र पसरून राहत नाही. वरचा झिजलेला मुरूम आणि खालच्या भेगा, सांधे यांतच ते साठते व वाहते. वाळूच्या थरातून पाणी हळूहळू झिरपताना बरेच जंतू गाळले जातात. भेगांतून वाहणाऱ्या पाण्याला ही गाळण मिळत नाही. परिणामी दूर असलेल्या टाकीचे पाणीही विहिरीत किंवा कूपनलिकेत लवकर पोहोचू शकते. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा किमान १८ मीटर व राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावा, असे मानकात सांगितले आहे. भेगाळलेल्या खडकात हे अंतर अपुरे ठरण्याची शक्यता असते.

काळी माती ही दुसरी अडचण आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाणी मुरू देत नाही. त्यामुळे एकच शोषखड्डा उन्हाळ्यात पाणी झरझर खाली जाऊ देतो आणि श्रावणात तुंबून वर येतो.

धर्मापुरी हे केदारेश्वराचे प्राचीन मंदिर व भुईकोट किल्ला यांमुळे परिचित असलेले गाव आहे. अशा जुन्या वस्तीच्या गावांत गावठाणातील घरे एकमेकांना लागून असतात. अंगणातली विहीर किंवा हातपंप, शेजारच्या घरची टाकी आणि गल्लीतले गटार ही तिन्ही काही पावलांच्या अंतरात असू शकतात. तेथे १८ मीटरचे अंतर राखणे अनेकदा अशक्य असते. अशा वेळी टाकी गळकी नसणे आणि ती वेळेवर रिकामी होणे, हेच दोन उपाय हाताशी उरतात.

दुष्काळाने या प्रश्नाची धार वाढते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना सर्वपरिचित आहे. टंचाईच्या काळात गावातील उरलेल्या एखाद्या विहिरीवर किंवा अधिग्रहित कूपनलिकेवर संपूर्ण वस्तीचा भार येतो. तो स्रोत दूषित असल्यास त्याला पर्याय नसतो. पहिल्या पावसानंतर साचलेली घाण भेगांतून खाली उतरते आणि अतिसार, कावीळ व विषमज्वर यांच्या साथी उद्भवण्याचा धोका वाढतो.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० असे आहे. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नये आणि नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. नायट्रेट उकळूनही जात नाही आणि टीसीएल पावडरनेही जात नाही. तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यामुळे घटते. मैल्याच्या टाक्यांप्रमाणेच रासायनिक खते व उकिरडे हीही नायट्रेटची कारणे असतात. म्हणून केवळ नायट्रेट वाढलेले दिसल्यावरून टाकीला दोष देता येत नाही. ई-कोलाय आढळल्यास मात्र मैल्याचा संसर्ग झाल्याचे निश्चित होते. तो मैला माणसांचा की जनावरांचा, हे पाहण्यासाठी प्रत्यक्ष जागेची तपासणी आवश्यक असते.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रात या विषयाला वाहिलेला एकच स्वतंत्र कायदा नाही. पुढील तरतुदींचा एकत्रित आधार घेतला जातो.

जलप्रदूषण (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ : याच्या कलम २४नुसार प्रदूषक पदार्थ ओढ्यात, नदीत किंवा विहिरीत सोडण्यास मनाई आहे. उपसलेला मैला रात्रीच्या वेळी नाल्यात ओतणारी गाडी या कलमाच्या कक्षेत येते.

हाताने मैला उचलणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ : याच्या कलम ७नुसार गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला कामाला लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही मनाई कंत्राटदारांप्रमाणेच घरमालकालाही लागू आहे.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ : या अधिनियमाने शहरातील मलनिःसारणाची जबाबदारी नगरपरिषदेकडे दिली आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम : याखाली ग्रामपंचायत घरपट्टी, पाणीपट्टी व दिवाबत्ती कर यांबरोबर सामान्य स्वच्छता कर आकारू शकते. नियोजित उपशाचा खर्च भागवण्यासाठी हा कर उपयुक्त ठरतो.

वाई व सिन्नर येथील अनुभव

वाई हे कृष्णाकाठचे सुमारे ३६ हजार लोकसंख्येचे (२०११) शहर आहे. सिन्नरची लोकसंख्या त्याच जनगणनेनुसार सुमारे ६५ हजार होती. दोन्ही ठिकाणी घरे प्रामुख्याने सेप्टिक टँकवर अवलंबून आहेत. पूर्वी मागणीनुसार उपसा होत असे, म्हणजे टाकी तुंबली व दुर्गंधी सुटली की मालक गाडी बोलावी. त्यामुळे वर्षाकाठी फार थोड्या टाक्या रिकाम्या होत.

अहमदाबाद येथील सेप्ट विद्यापीठातील जल व स्वच्छता केंद्राच्या तांत्रिक साह्याने या नगरपरिषदांनी पद्धत बदलली. वाईत २०१८पासून नियोजित उपसा सुरू झाला व त्यानंतर सिन्नरमध्ये. शहराचे भाग पाडून प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा रिकामी करण्याचे वेळापत्रक आखण्यात आले. या व्यवस्थेची चार वैशिष्ट्ये सांगता येतात.

पहिले, गाडी घरी आल्यावर मालकाकडून शुल्क घेतले जात नाही. खर्च करांतून व नगरपरिषदेच्या निधीतून भागवला जातो. त्यामुळे पैशासाठी उपसा लांबवण्याचे कारण उरत नाही. दुसरे, कंत्राटदाराला केलेल्या कामाच्या प्रमाणात मोबदला मिळतो आणि त्याच्या कामाशी निगडित अटी करारात असतात. तिसरे, प्रत्येक उपशाची नोंद भ्रमणध्वनीवरील प्रणालीत होते. मैला कोणत्या घरातून निघाला व केंद्रात पोहोचला की नाही, याचा मेळ त्यामुळे घालता येतो. चौथे, दोन्ही शहरांत प्रत्येकी ७० किलोलीटर प्रतिदिन क्षमतेचे मैला गाळ प्रक्रिया केंद्र आहे. उपशासोबत प्रक्रियेची सोय नसेल, तर घराघरांतील प्रदूषण एका ओढ्याकाठी गोळा होण्यापलीकडे काही साध्य होत नाही.

तपासणी व उपसा यांची सांगड हे या प्रयोगाचे मर्म होय. टाकी उघडल्यावर तिची बांधणी, आकार, झाकण व निचरा यांची पाहणी आपोआप होते. त्यामुळे उपशाचे पहिले चक्र पूर्ण होताना शहरातील टाक्यांची नोंदवहीही तयार होते.

ग्रामीण भागात विस्तार

स्वच्छ भारत अभियानाचा (ग्रामीण) दुसरा टप्पा २०२०मध्ये मंजूर झाला. त्यात सांडपाणी व घनकचऱ्याबरोबर मैला गाळ व्यवस्थापनाचा समावेश असून त्यासाठी दरडोई २३० रुपयांपर्यंत साह्याची तरतूद करण्यात आली. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीचा एक भाग स्वच्छतेसाठी व दुसरा पिण्याच्या पाण्यासाठी राखीव असल्याने ग्रामपंचायतींकडे या कामाकरिता आणखी एक स्रोत असतो. नियोजनाची मुख्य जबाबदारी जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडे आहे.

ग्रामीण भागात दोन मार्ग अवलंबिले जातात. जवळच्या शहरात प्रक्रिया केंद्र असल्यास आसपासच्या ग्रामपंचायती नगरपालिकेशी करार करून तेथे गाळ पाठवतात. सातारा नगरपालिकेच्या केंद्राशी जकातवाडी, सोनगाव, कोडोली व देगाव ही शहरालगतची गावे जोडण्याचा उपक्रम याचे उदाहरण आहे. शहर दूर असल्यास अनेक गावांचा समूह करून त्यांच्यासाठी एक केंद्र उभारले जाते. मैला वाहून नेण्याचे अंतर वाढले की प्रत्येक खेपेचा खर्च वाढतो आणि गाडीवाल्याला तो मध्येच कुठेतरी ओतण्याचा मोह होतो. म्हणून समूह ठरवताना लोकसंख्येइतकाच रस्त्याचा विचार करावा लागतो.

आकडेमोडीचे एक काल्पनिक उदाहरण असे देता येईल. एखाद्या मोठ्या गावात १,२०० टाक्या आहेत व त्या पाच वर्षांतून एकदा उपसायच्या आहेत, असे मानू. मग वर्षाला २४० टाक्या, म्हणजे कामाच्या दिवसाला सुमारे एक टाकी येते. प्रत्येक टाकीतून ४,००० लिटर गाळ निघाल्यास वर्षाला ९ लाख ६० हजार लिटर गाळ होईल. वर्षातील ३०० दिवस केंद्र चालल्यास रोज सुमारे ३,२०० लिटर गाळावर प्रक्रिया करावी लागेल. तीन वर्षांचे चक्र ठेवल्यास हेच प्रमाण रोज सुमारे ५,३०० लिटर होते. एका गावाला स्वतंत्र गाडी व केंद्र परवडत नाही आणि समूहाची गरज पडते, ती या कारणाने.

दोन शोषखड्ड्यांचे शौचालय असल्यास उपशाच्या गाडीची गरज भासत नाही. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवतात. बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे सुमारे दोन वर्षांत निर्धोक खत होते. स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण भागासाठी याच रचनेला प्राधान्य दिलेले आहे. तथापि भूजल उथळ असलेल्या किंवा विहीर लगत असलेल्या जागी दोन खड्ड्यांचे शौचालयही योग्य ठरत नाही. दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरात ठेवणे हा त्यातील नेहमीचा दोष असून तो तपासणीत सहज लक्षात येतो.

तपासणीची पद्धत

तपासणीचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात घरोघरी नोंद घेतली जाते. ग्रामपंचायतीच्या मिळकत आकारणी नोंदवहीशी, म्हणजे नमुना ८शी, ही नोंद जोडल्यास एकही घर सुटत नाही. दुसऱ्या टप्प्यात उपशाच्या वेळी टाकीची प्रत्यक्ष पाहणी होते. पाहणीत सामान्यतः पुढील बाबी तपासल्या जातात.

- टाकीचा तळ व भिंती पक्क्या आहेत की नाहीत.
- टाकीला एक कप्पा आहे की दोन, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळ्या योग्य उंचीवर आहेत की नाहीत.
- बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जाते, गटारात जाते की उघड्यावर.
- विहीर, हातपंप, कूपनलिका व पिण्याच्या पाण्याची जलवाहिनी यांपासूनचे अंतर.
- गाळ व साय यांची जाडी. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून ती मोजता येते.
- झाकण उघडता येते, की त्यावर फरशी किंवा बांधकाम केलेले आहे.
- वायूनळी आहे का, व तिच्या तोंडाला जाळी आहे का.
- गाडीची नळी टाकीपर्यंत पोहोचेल एवढा रस्ता आहे का.

'आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही' असे अभिमानाने सांगितले जाते. तपासणीच्या दृष्टीने ही धोक्याची खूण आहे. जलाभेद्य टाकीत गाळ साठणे अपरिहार्य असते. टाकी वर्षानुवर्षे भरत नसेल, तर तिचा तळ कच्चा आहे व मैला जमिनीत उतरतो आहे, असा तर्क करण्यास जागा असते. टाकी भरू नये म्हणून तळाला फरशी न घालणे व भिंतीत फटी ठेवणे, ही गवंडीकामात रूढ झालेली पद्धत आहे. गावातील गवंड्यांचे प्रशिक्षण हा म्हणूनच तपासणी मोहिमेचा आवश्यक भाग ठरतो. घर बांधून झाल्यावर टाकीचा दोष काढणे खर्चिक असते, तर बांधकामाच्या वेळी तो टाळण्यास फारसा जादा खर्च येत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची तपासणी करणारी यंत्रणा आधीपासून आहे. गावचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर स्रोतांच्या परिसराचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सेप्टिक टँकची नोंद या सर्वेक्षणाला जोडल्यास लाल कार्डाचे कारण कोणत्या गल्लीत आहे, ते कळू शकते. जिथे पाण्याचा नमुना दूषित निघाला, त्या स्रोताभोवतीच्या टाक्या आधी तपासणे हा अल्प मनुष्यबळात शक्य असलेला क्रम होय.

सफाई कामगारांची सुरक्षितता

बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण जास्त झाल्यास नाकाला त्याचा वास येणेही थांबते, त्यामुळे आत उतरलेल्या माणसाला धोक्याची जाणीव होत नाही. बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला वाचवण्यासाठी उतरलेली माणसेही दगावतात. मे २०२३मध्ये परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टँकची सफाई करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४च्या निकालात गटार व टाकी सफाईत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३च्या निकालात ही रक्कम ३० लाख रुपये करण्यात आली. केंद्र शासनाने यांत्रिक सफाईस चालना देण्यासाठी 'नमस्ते' ही योजना सुरू केली असून गटार व टाकी सफाईसाठी १४४२० हा दूरध्वनी क्रमांक ठेवला आहे.

नियोजित उपशाचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. दर तीन ते पाच वर्षांनी उपसलेला गाळ पातळ असतो व नळीने ओढता येतो. वीस वर्षे साचून घट्ट झालेला गाळ यंत्राला दाद देत नाही आणि मग फावडे घेऊन माणूस आत उतरवला जातो.

इतर देशांतील व्यवस्था

जपानमध्ये घरगुती सांडपाणी शुद्धीकरण टाक्यांसाठी १९८३मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार नियमित देखभाल, दरवर्षी सफाई व तपासणी बंधनकारक आहे.

अमेरिकेत हा विषय मुख्यतः राज्ये व काउंटी, म्हणजे जिल्हा पातळीवरील शासन, यांच्याकडे आहे. व्हर्जिनिया राज्यात चेसापीक उपसागराच्या संरक्षणासाठी पाणलोटातील ठरावीक क्षेत्रात दर पाच वर्षांनी टाकी रिकामी करण्याचा नियम आहे.

आयर्लंडमध्ये युरोपीय न्यायालयाच्या २००९च्या निकालानंतर २०१२मध्ये टाक्यांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. विलंबाबद्दल त्या देशाला २० लाख युरोंचा दंडही झाला. नोंदणी शुल्कावरून ग्रामीण भागात मोठा विरोध झाला व आरंभी लवकर नोंदणी करणाऱ्यांसाठी शुल्क ५० युरोंवरून ५ युरोंवर आणावे लागले. तपासलेल्या यंत्रणांपैकी सुमारे निम्म्या सदोष आढळत आल्या आहेत. दुरुस्तीसाठी शासकीय अनुदानाची सोय आहे.

मलेशियात १९९०च्या दशकापासून राष्ट्रीय पातळीवर नियोजित उपसा होता. पुढे तो मालकाच्या मागणीवर सोडण्यात आल्यावर उपशाचे प्रमाण घटले.

आक्षेप व मर्यादा

तपासणी म्हणजे नवा कर किंवा दंडाची पूर्वतयारी, अशी शंका नागरिक घेतात. ज्या घरात अनुदानातून कसेबसे शौचालय उभे राहिले, त्या कुटुंबाला टाकी नव्याने बांधण्याची नोटीस देणे अन्याय्य ठरते. यामुळे पहिल्या फेरीत केवळ नोंद व उपसा करावा, दुरुस्तीसाठी साह्य द्यावे आणि दंड फक्त मैला उघड्यावर ओतणाऱ्यांपुरता ठेवावा, असे मत मांडले जाते. याउलट, दंडाची तरतूद नसलेला नियम कागदावरच राहतो, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे असते.

तीन वर्षांचे चक्र सर्वत्र लागू करण्याबाबतही मतभेद आहेत. ग्रामीण टाक्या प्रमाणाबाहेर मोठ्या असतात. आठ फूट लांब, पाच फूट रुंद व सहा फूट खोल टाकीत सुमारे ६,८०० लिटर मावतात, म्हणजे पाच माणसांसाठीच्या मानक टाकीच्या सहापट. अशा टाकीला अधिक काळ देता येतो. मात्र तो निर्णय गाळ मोजून घ्यावा लागतो.

प्रक्रिया केंद्रासाठी जागा मिळणे ही आणखी एक अडचण होय. गायरान जमिनीवर केंद्राचा प्रस्ताव आला की दुर्गंधीच्या भीतीने लगतच्या वस्तीचा विरोध होतो. अरुंद गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही. मैल्याच्या कामाला चिकटलेली जातिव्यवस्थेची छायाही पुसलेली नाही. यंत्र आले तरी नळी धरणारे हात बहुधा त्याच समाजांतील असतात. प्रक्रिया केलेल्या गाळाचे खत शेतकऱ्यांनी स्वीकारावे, यासाठी ते जंतूमुक्त असल्याची नियमित चाचणी आवश्यक आहे.

उपशामुळे भूजल लगेच शुद्ध होत नाही. जमिनीत उतरलेले नायट्रेट दीर्घकाळ टिकते. त्यामुळे नियोजित उपसा सुरू असतानाही पाण्याचे शुद्धीकरण, जलवाहिन्यांची गळती काढणे व स्रोतांभोवती ओटे बांधणे ही कामे चालू ठेवावी लागतात.

हेही पहा

- स्वच्छ भारत अभियान
- संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
- जल जीवन मिशन
- अप्पासाहेब पटवर्धन
- वाई
- सिन्नर
- धर्मापुरी